उरलेलं म्हणून

पूनम : मी थांबले आहे, राजेसाबचाचा. तुम्ही असेच भिंतीकडे बघत राहिलात, तरी थांबणार आहे.

राजेसाब : बसा की मग. खुर्ची हाय.

पूनम : खुर्चीचं नाही विचारलं मी. खजुराचं विचारलं.

राजेसाब : खजुराचं काय विचारायचं, बेटी? झाडाला लागतो. मानसं खातात.

पूनम : आपल्या गल्लीत कुणाच्या झाडाला लागतो, तेवढं सांगा. महिनाभर तो तुमच्या वर राहणाऱ्या दाक्षायणीबाईंच्या डब्यातून आमच्या घरी येतोय. माझ्या सासूबाई तर गहिवरल्या. म्हणाल्या, या वयात बाईंना एकादशी कशी बरोबर लक्षात राहते बघ, उपासाचं पाठवलंय.

राजेसाब : मग? बरंच झालं की.

पूनम : बाई लिंगायत आहेत, चाचा. त्या सोमवार करतात. एकादशी त्यांच्या घरात कधी कुणी केली नाही.

राजेसाब : हे मला कुनी सांगितलं न्हाय.

पूनम : म्हणजे तुम्हीच घालत होता.

राजेसाब : असं कुटं म्हनलो मी?

पूनम : काल बाई आमच्याकडे होत्या. सासूबाईंनी जेवायला ठेवून घेतलं होतं. सकाळी तुमच्या खिडकीच्या खिळ्यावरून त्यांची पिशवी कुणीतरी आणून दिली. मी त्यांच्यादेखत डबा उघडला. बाईंनी एक खजूर उचलला, चष्मा कपाळावर सरकवून पाहिला आणि मला विचारलं, “छान आहे गं. कुणाकडचा?” स्वतःच्या डब्यातला खजूर हातात धरून.

राजेसाब : तुमी काय म्हनला?

पूनम : म्हटलं, ओळखीच्यांनी दिलाय. ते खोटं नव्हतं, हे आत्ता कळतंय.

राजेसाब : च्या ठेवू?

पूनम : चहा नको. चाचा, ही पद्धत मी हौसेनं नाही पाडली. मागच्या गल्लीतले भीमाशंकर आजोबा न्हाणीत पडले. दुधाच्या पिशव्या दाराशी साठत गेल्या, त्या फुगल्या, तेव्हा लोकांना कळलं. माझ्या मेडिकलमध्ये त्यांच्या गोळ्या बांधून ठेवल्या होत्या. मला वाटत होतं, येतील न्यायला. तेव्हापासून आपण एकट्या राहणाऱ्यांना पाळीपाळीनं डबा देतो. आणि डबा रिकामा परत येता कामा नये, एवढी एकच अट. चिमूटभर साखर चालते, तुळशीचं पान चालतं. घेणाऱ्यालाही वाटतं, आपण काहीतरी दिलं. आणि ज्या दिवशी डबा रिकामा येईल, त्या दिवशी आम्ही काही न विचारता जिना चढायचा.

राजेसाब : मला नका सांगू. दुपारी बाईंच्या गॅलरीतल्या दोरीनं डबा वर जातो त्यो माझ्या खिडकीसमोरनं, आन् संध्याकाळी खाली येतो त्योबी माझ्या खिडकीसमोरनं.

पूनम : मग तो रिकामा येत होता का? तेवढंच सांगा. उद्या संगमेश येतोय हैदराबादहून. तो बाईंचा सख्खा भाचा, माणूस वाईट नाही. मला त्यानं फोनवर एकच विचारलंय : आत्या एकटी राहू शकते का? तुम्ही बघताय, तुम्हीच सांगा, म्हणाला. तिकडे त्यानं एक वृद्धाश्रम पाहून ठेवलाय.

राजेसाब : आन् तुमी काय सांगनार?

पूनम : डबा जे सांगतो ते सांगणार होते. डबा महिनाभर सांगत होता की बाई ठीक आहेत. आता कळतंय की डब्यातून तुम्ही बोलत होता.

राजेसाब : ऐका. रिकामा येत न्हवता.

पूनम : मग?

राजेसाब : अर्धा भरलेला यायचा. भाकर अर्धी, आमटी अर्धी. जेवता जेवता उठत्यात, इसरून जात्यात, आन् तसाच पिशवीत घालून खाली सोडत्यात. पयल्या दिवशी मी वर बघून हाक मारनार होतो. मग म्हनलं, कुनाला हाक मारतोय मी? गल्ली ऐकल. म्हाताऱ्या मानसाची एक चूक गल्लीनं ऐकली की उरलेल्या सगळ्या गोष्टी त्या चुकीतनंच बघत्यात लोक. म्हनून डबा धुतला. खजूर होता घरात, घातला, आन् पिशवी खिळ्याला लावली.

पूनम : आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा.

राजेसाब : व्हय. रोजच मग.

पूनम : रोजचं ते अर्धं जेवण कुठं गेलं, चाचा?

राजेसाब : गाय येती एक.

पूनम : कुठली गाय?

राजेसाब : गायीला काय नाव विचारायचं असतंय का? येती, खाती, जाती.

पूनम : मी तीन घरं सोडून राहते. ही गाय मला कधी दिसली नाही.

राजेसाब : तुमी दुकानात असता की.

पूनम : हसू नका. मला राग आलाय, आणि तो कुणावर काढायचा हे मला ठरवता येत नाही. उद्या बाई पडल्या असत्या, तर आमच्या घरात खजूर आला असता. आम्ही तो खाल्ला असता. म्हटलं असतं, बाई मजेत आहेत.

राजेसाब : न्हाय. तसं झालं नसतं.

पूनम : कशावरून?

राजेसाब : तुमाला डब्यावरनं कळतं, मला दोरीवरनं. संध्याकाळी मी हुकाची पिशवी काढून घेतली, की मगरिबच्या अजानला त्या दोरी वर ओढून घेत्यात. रोज. दोरी वर गेली की मी दार लावतो. न्हाय गेली, तर जिना चढायचा. गुडघे कसंबी करत्यात, पन चढायचा. ट्रक चालवायचो तवा हैदराबाद रोडला आमी असंच करायचो. मागच्या गाडीचा दिवा आरशात दिसतोय तवर चालायचं. दिसंना झाला, की गाडी बाजूला घ्यायची.

पूनम : कधी चढलात का?

राजेसाब : एकदा.

पूनम : काय झालं होतं?

राजेसाब : ते त्यांना विचारा.

पूनम : मी तुम्हाला विचारतेय.

दाक्षायणी : त्यांना कशाला? मी इथेच आहे. गॅलरीत. तुमचं सगळं ऐकू येतं आहे. खाली कुजबुजलेलंही या भिंतींना धरून वर येतं.

राजेसाब : या अल्ला.

पूनम : बाई! कधीपासून उभ्या आहात तुम्ही?

दाक्षायणी : गाय आली तेव्हापासून.

पूनम : मी येते वर.

दाक्षायणी : नको. जिना चढलीस की तू डॉक्टरसारखा चेहरा करतेस. तिथेच थांब. आजची पिशवी यायची आहे अजून, ती घे आणि डबा उघड.

(दोरीच्या हुकाला लावलेली कापडी पिशवी सावकाश खाली येते आणि खिडकीपाशी थांबते.)

राजेसाब : आना इकडं. मी बघतो.

दाक्षायणी : राजेसाब, तुम्ही नाही. पूनम उघडेल.

पूनम : उघडला.

दाक्षायणी : वाच.

पूनम : काय वाचू, बाई? डबा आहे हा.

दाक्षायणी : दहावीला धडा उघडून बसायचीस आणि खिडकीबाहेर बघायचीस, तशी बघू नकोस. वरून सुरुवात कर.

पूनम : वर पांढरं फडकं आहे. स्वच्छ. घडी केलेलं. खाली अर्धी भाकरी… नाही, अर्धी नाही. एक अख्खी भाकरी आहे, दुमडून ठेवलेली. शेंगाआमटी दुसऱ्या पुडात. चटणी वेगळ्या वाटीत आहे, आमटी लागू नये म्हणून. कांदा चिरलेला आहे. आणि चमचा.

दाक्षायणी : आता सांग. जेवता जेवता विसरून उठलेलं माणूस कांदा चिरून ठेवतं का?

पूनम : हे उष्टं नाही. हे वाढलेलं आहे.

राजेसाब : रोज असंच असतंय ते. फडकंबिडकं. मला वाटलं, फडकं इसरलं असंल त्यात.

दाक्षायणी : रोज एक फडकं विसरणारी बाई घरात फडकी तरी किती ठेवत असेल, राजेसाब? तुम्ही ती धुऊन, वाळवून पिशवीत परत घालत होता. मी तीच पुन्हा घडी करत होते.

पूनम : बाई, मला नीट सांगा. हे तुम्ही मुद्दाम पाठवत होता? चाचांना?

दाक्षायणी : तू त्यांना डब्याचं विचारायला आली होतीस. याच खिडकीशी. काय म्हणाले होते?

पूनम : म्हणाले, दोन पोरांचा बाप आहे मी. ज्याला कुणी नाही त्याला द्या.

दाक्षायणी : ज्या माणसाने वाढलेलं घ्यायचं नाकारलं, त्याला दुसरं काय देता येतं? उरलेलं. उरलेलं टाकवत नाही म्हणून तो घेतो. वाढलेलं घेतलं असतं तर त्यांना माझ्यासमोर मान खाली घालावी लागली असती. उरलेलं घेतलं, आणि ते माझे राखणदार झाले.

राजेसाब : म्हंजे इतके दिस मी तुमचं झाकत होतो, आन् तुमी मला जेवू घालत होता.

दाक्षायणी : दोन्ही झालं. तुम्ही झाकलंत, मी झाकू दिलं. मी वाढलं, तुम्ही जेवलात.

राजेसाब : कोन म्हनलं मी जेवलो? गाय—

दाक्षायणी : राजेसाब.

राजेसाब : …कसं कळलं तुमाला?

दाक्षायणी : तुमची बिबीजान होती तेव्हा तिच्या लसणाच्या फोडणीने मला वर शिंका यायच्या. मी गॅलरीतून ओरडायची, ती खालून हसायची. ती गेल्यापासून तुमच्या घरातून वर काहीच आलेलं नाही. फोडणी नाही, धूर नाही, भांडं पडल्याचा आवाज नाही. फक्त संध्याकाळी पुण्याहून अतीकचा फोन येतो आणि तुम्ही म्हणता, जेवलो. त्याची बायको विचारते, अब्बा, काय केलं होतं? आणि तुम्ही खिमा सांगता, दालचा सांगता, मेथीची भाजी सांगता. सगळे बिबीजानच्या हातचे पदार्थ. मी इथे कपडे वाळत घालता घालता ऐकते. एका मेलेल्या बाईचा स्वयंपाक रोज संध्याकाळी खिडकीतून वर येतो, राजेसाब, आणि त्याला वास नसतो.

राजेसाब : महेजबीन, सून माझी, तिला काळजी लागती, म्हनून सांगतो.

दाक्षायणी : मी दोष देत नाही.

पूनम : मग काल? काल तुम्ही मला विचारलंत, कुणाकडचा खजूर म्हणून. तेही नाटक होतं?

दाक्षायणी : होतं. तुझं तोंड पाहिलं आणि पश्चात्ताप झाला. पण मी कबूल केलं असतं तर यांचं काय झालं असतं? तू आज जशी आलीस, तशी कालच आली असतीस.

पूनम : म्हणजे तुम्ही काहीच विसरत नाही. मी रात्रभर जागी होते, बाई. संगमेशला काय सांगायचं ते जुळवत. आता सरळ सांगते, आत्याला सगळं नीट आठवतं.

दाक्षायणी : तसं सांगू नकोस. तेही खरं नाही.

पूनम : म्हणजे?

दाक्षायणी : मी विसरते. शब्द येतात अजून, पण उंबऱ्याशी थांबून येतात, आपल्याला आत बोलावलं आहे की नाही याची खात्री नसल्यासारखे. मुलांची नावं गेली. वर्गात शिकवलेली शेकडो मुलं आता नुसते चेहरे आहेत, आणि चेहऱ्यांना मी काय म्हणून हाक मारू? तुझं नाव राहिलं, कारण तू रोज येतेस. न येणाऱ्यांची नावं घर सोडून जातात. मला त्याचं फार दुःख होत नाही, हेच जरा विचित्र वाटतं. आणि राजेसाब एकदा जिना चढून आले ते गॅससाठी. मी गॅस सोडला आणि काडी ओढायची राहिली. घरभर वास होता. मी खुर्चीत बसून विचार करत होते की हा वास ओळखीचा आहे, पण कशाचा.

पूनम : देवा.

दाक्षायणी : त्यांनी खिडक्या उघडल्या, रेग्युलेटर काढला, आणि मला रागे भरले. आयुष्यात पहिल्यांदा. ट्रकवाल्याच्या भाषेत.

राजेसाब : त्याची माफी मागितली मी.

दाक्षायणी : मागितलीत. मी दिलेली नाही, कारण मला बरं वाटलं होतं. तेव्हापासून मी आधी रेग्युलेटर बंद करते, मग दोरी ओढते. दोरी हातात घेतली की रेग्युलेटर आठवतो.

पूनम : आणि हे दोघांनी मिळून माझ्यापासून लपवलंत. सगळ्या गल्लीला मी सांगते, बघा, आपल्याकडे कुणी एकटं नाही. आणि माझ्याच गल्लीत एक माणूस उपाशी, एक घर गॅसनं भरलेलं, आणि मी खजूर खातेय.

राजेसाब : चांगला होता पन खजूर. मदिन्याचा. थोरल्यानं पाठवलेला.

पूनम : चाचा!

राजेसाब : बरं, बरं.

पूनम : उद्या मी काय करू, बाई? गॅसचं सांगितलं तर संगमेश उद्याच सामान बांधेल. नाही सांगितलं, आणि पुन्हा असं काही झालं, तर मी आयुष्यभर…

दाक्षायणी : सांग. सगळं सांग. गॅस, खजूर, गायसुद्धा. खोट्याच्या आधाराने मी या घरात राहणार नाही. त्याने नेलं तर जाईन. हैदराबादेतही भिंती असतील, एखादी गॅलरी असेल, खाली माणसं चालत असतील. दोरी कुणासाठी सोडायची, एवढंच तिथे ठरवावं लागेल.

राजेसाब : असं बोलू नका, बाई.

दाक्षायणी : आहे ते बोलते आहे. फक्त सांगताना, पूनम, एक शेवटचंही सांग. खाली एक माणूस आहे, तो दोरी बघतो.

पूनम : ते मला सांगता आलं असतं तर प्रश्नच नव्हता. पण संगमेश लगेच विचारणार, कोण माणूस? मी म्हणणार, राजेसाबचाचा. तो म्हणणार, तुमच्या त्या मंडळीत आहेत का ते? आणि मी म्हणणार, नाही. ते आमच्यात नाहीत. ते चोरून बघतात, चोरून जेवतात, आणि त्यांनी काय पाहिलं ते कुणालाच सांगत नाहीत. अशा माणसाच्या भरवशावर तो आत्याला ठेवेल का? मी तरी माझ्या आईला ठेवेन का?

राजेसाब : माझं नाव कशाला पायजे त्यात? मी बघतोय की. मरंपतोर बघीन.

पूनम : तुम्ही त्यांना बघणार. तुम्हाला कोण बघणार? तुम्ही या खोलीत पडलात, तर दोरी कुणी बघायची? दोघंही जाल, चाचा. एकाच संध्याकाळी.

दाक्षायणी : आवाज खाली घे. बरोबर बोलते आहेस, पण आवाज खाली घे.

पूनम : तुमच्या नावाचा डबा हवा. उघड. दुपारी तुमच्या दाराशी येईल, तुम्ही त्यात काहीतरी घालून परत द्याल. तुमच्याही डब्यावर आमची नजर असेल. मग मी उद्या संगमेशसमोर ताठ उभी राहून सांगू शकते, वर बाई आहेत, खाली चाचा आहेत, आणि दोघांच्या मागे आम्ही आहोत. तेवढ्यावर तो ऐकेल. मला खात्री आहे.

राजेसाब : मशिदीत लोक विचारतील, पोरं टाकून गेली का? अतीकच्या कानावर जाईल.

पूनम : अतीकला मी फोन करते.

राजेसाब : नका. त्याला नका करू.

दाक्षायणी : राजेसाब, एक विचारते. मी रोज तुमच्या खजुरावर जगाला दाखवत होते की मी ठीक आहे. मी तुमचं घेतलं. जेवढं तुम्ही माझं घेतलंत, तेवढंच. त्यात माझी मान कुठे खाली गेली? वर आहे ना? बघा इकडे.

राजेसाब : तुमची गोष्ट येगळी.

दाक्षायणी : कशी?

राजेसाब : तुमी बाई हाव. शाळेच्या. लोक तुमाला देत्यात ते मानानं देत्यात. माझं काय? आयुष्यभर मीच वाढलं. ढाब्यावर क्लीनरला आधी वाढायचो, मग मी बसायचो. बिबीजान म्हनायची, तुमच्या ताटाला कुनाचा हात लागू देत न्हाई तुमी.

दाक्षायणी : ती मलाही म्हणायची. तक्रार म्हणून म्हणायची.

पूनम : चाचा, उजेड चाललाय. संगमेश सकाळच्या गाडीनं येतोय. मला आज कळायला हवं. तुमच्या नावाचा डबा लावू का?

दाक्षायणी : ढकलू नकोस त्यांना.

पूनम : ढकलत नाही. विचारतेय. लावू का, चाचा? हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. मी दोन्ही ऐकून घेईन… चाचा? अहो, निदान माझ्याकडे बघून… चाचा!

दाक्षायणी : काय झालं? इथून खिडकीवरचा छज्जा आड येतो.

पूनम : गेले.

दाक्षायणी : कुठे?

पूनम : आत. मागच्या खोलीत.

दाक्षायणी : आणि डबा?

पूनम : माझ्या हातातून घेतला. फडकं नीट झाकलं, आणि घेऊन गेले. पिशवी हुकालाच आहे, रिकामी.

दाक्षायणी : अजान व्हायला आली.

पूनम : हो. दोरी ओढून घ्या, बाई. मी निघते.

दाक्षायणी : रेग्युलेटर मी बंद केलेला आहे. दोरी आज वर घेणार नाही. बघू, जिना चढून येतात का.